वैद्याचा हात आणि यंत्राचा डोळा : हाडे-सांध्यांच्या दुखण्याचे निदान

शरीरकष्टांवर ज्यांचा प्रपंच चालतो त्यांना अंगदुखीची ओळख करून द्यावी लागत नाही. ऊस तोडून त्याची मोळी डोक्यावरून वाहणारी मजूर स्त्री, लावणीच्या दिवसांत चिखलात ओणवा राहणारा भातशेतकरी, बाजार समितीच्या आवारात पोती उचलणारा हमाल, यंत्रमागासमोर तासन् तास उभा असणारा कामगार आणि कार्यालयातील खुर्चीवर दिवस काढणारा लिपिक या सर्वांच्या तोंडी कधी ना कधी तीच तक्रार येते. कोणाची कंबर धरते, कोणाची मान आखडते, तर कोणाचा गुडघा जिना चढू देत नाही.

असे दुखणे घेऊन माणूस दवाखान्यात जातो तेव्हा अलीकडे पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतो : "डॉक्टर, फोटो काढायचा का?" क्ष-किरण छायाचित्राला खेड्यापाड्यांत 'फोटो' म्हणतात आणि एमआरआयला 'मोठा फोटो'. फोटो निघाला म्हणजे दुखण्याचे मूळ सापडले, असा समज त्यामागे असतो. ज्या डॉक्टरांनी नुसते हात लावून पाहिले आणि फोटो काढायला सांगितले नाही, त्यांनी नीट तपासले नाही, असेही पुष्कळांना वाटते.

हा समज कितपत खरा आहे? हाडे, सांधे, स्नायू व मज्जातंतू यांच्या वेदनांचे निदान करताना डॉक्टरांचा हात अधिक विश्वसनीय, की यंत्राने टिपलेली प्रतिमा? गेल्या काही दशकांत या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. रुग्णाचे पैसे, त्याचे बुडणारे रोजगार आणि प्रसंगी अनावश्यक शस्त्रक्रिया या गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्याने ते उत्तर सामान्य नागरिकांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन पद्धतींचा जन्म

दोन्ही पद्धतींचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांतील आहे. कंबरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेला आयुर्वेदात 'गृध्रसी' म्हणतात आणि व्यवहारात 'सायटिका' हा शब्द रूढ आहे. या विकारात रुग्णाला उताणे निजवून त्याचा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला असता पायात कळ येते. बेलग्रेड येथील डॉक्टर लाझा लाझारेविच यांनी १८८० मध्ये हे निरीक्षण नोंदविले. ते सर्बियन भाषेतील नामवंत कथालेखकही होते. मज्जातंतू ताणला गेल्यामुळे ही कळ येते, हे त्यांनी ओळखले होते. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, पॅरिसचे प्राध्यापक शार्ल लासेग यांचे शिष्य फोर्स्ट यांनी आपल्या प्रबंधात याच चाचणीचे वर्णन केले. गुरूच्या नावावरून तिला 'लासेगची खूण' हे नाव मिळाले.

त्यानंतर १४ वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबरमध्ये त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती. माणसाच्या देहात न कापता डोकावता येते, हे जगाने प्रथमच पाहिले. या शोधाबद्दल राँटजेन यांना १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७० च्या दशकात चुंबकीय अनुनादावर आधारित प्रतिमाचित्रणाचा, म्हणजेच एमआरआयचा, पाया घातला. त्यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

क्ष-किरणांत प्रामुख्याने हाडे दिसतात. एमआरआयमध्ये मणक्यांमधील गादी, मज्जातंतू, अस्थिबंध, कूर्चा आणि स्नायू हे मऊ भागही दिसतात. दृष्टी इतकी सूक्ष्म झाल्यावर निदानातील अडचणी संपाव्यात, ही अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात एक नवीच अडचण उभी राहिली. यंत्राला अनेक दोष दिसू लागले, परंतु त्यांपैकी दुखणारा दोष कोणता, हे यंत्राला सांगता येईना.

न दुखणाऱ्या पाठींची छायाचित्रे

ही अडचण ध्यानात येण्यास एक साधी युक्ती कारणीभूत ठरली. ज्यांची पाठ दुखत नाही, अशाच माणसांचे एमआरआय काढून पाहण्यात आले. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात ९८ व्यक्ती होत्या. त्यांपैकी केवळ ३६ टक्के लोकांच्या कंबरेतील सर्व गाद्या निर्दोष आढळल्या. ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली होती, तर २७ टक्के लोकांची गादी एका जागी पुढे आलेली होती. यांपैकी कोणाचीही पाठ दुखत नव्हती.

पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात पाठदुखी नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा समावेश होता. गादीची झीज वयाच्या विशीत ३७ टक्के लोकांत आढळते, तर ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर जाते, असे त्यातून दिसून आले. गादी फुगण्याचे प्रमाण याच वयांत अनुक्रमे ३० व ८४ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. मणक्यांची झीज ही पुष्कळदा केस पिकण्यासारखी वयोमानाने घडणारी गोष्ट होय. साठ वर्षांच्या गृहस्थाची कंबर दुखू लागली आणि फोटोत 'झीज' दिसली, तर दुखणे झिजेमुळेच आहे असे सिद्ध होत नाही. कदाचित दुखणे सुरू होण्यापूर्वी दहा वर्षे फोटो काढला असता तरी तेथे तीच झीज दिसली असती.

गुडघ्याची गोष्टही अशीच आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील ५० ते ९० वयाच्या ९९१ रहिवाशांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढण्यात आले. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गुडघ्यातील अर्धचंद्राकृती कूर्चा फाटलेली आढळली, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्यात वेदना किंवा ताठरपणा जाणवलेला नव्हता. खांद्यांच्या बाबतीत १९९५ च्या एका अभ्यासात ९६ निरोगी व्यक्तींच्या तपासणीत ३४ टक्के लोकांचे स्नायुबंध पूर्णतः वा अंशतः फाटलेले दिसले. साठीपुढील व्यक्तींत हे प्रमाण ५४ टक्के होते.

प्रतिमेचा अर्थ लावणारे तज्ज्ञही माणसेच असतात. अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका महिलेने तीन आठवड्यांच्या अवधीत दहा निरनिराळ्या केंद्रांत कंबरेचा एमआरआय करून घेतला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदले गेल्याचे दिसले. मात्र दहाही अहवालांत समान असा एकही दोष नव्हता. पाठ तीच होती, अहवाल मात्र दहा प्रकारचे होते.

हाताने तपासणी म्हणजे काय?

हाताने तपासणी म्हणजे दुखऱ्या जागी बोट दाबून पाहणे एवढेच नव्हे. तिचा आरंभ प्रश्नांपासून होतो. दुखणे केव्हा व कशाने सुरू झाले, रात्री वाढते की कामाने, पायात उतरते काय, मुंग्या येतात काय, ताप येतो काय, वजन घटले आहे काय, लघवीवर ताबा आहे ना, या प्रश्नांच्या उत्तरांतूनच निदानाचा मोठा भाग हाती येतो. त्यानंतर डॉक्टर रुग्णाची चाल, उभे राहण्याची ढब आणि स्नायूंची झीज पाहतात. सांधा चाचपून त्याची उष्णता व सूज जाणून घेतात. तो रुग्णाला स्वतः हलवायला लावतात व नंतर आपण हलवून पाहतात.

मज्जातंतूंची परीक्षा तर विलक्षण बोलकी असते. रुग्णाला टाचांवर चालता येत नसेल किंवा पायाचा अंगठा जोर लावून वर उचलता येत नसेल, तर कंबरेच्या पाचव्या मज्जातंतूच्या मुळाकडे संशय जातो. चवड्यांवर चालता येत नसेल आणि घोट्यामागील शिरेवर हातोडीने ठोकले असता पाऊल हलत नसेल, तर त्याखालच्या मुळाकडे बोट दाखविले जाते. दहा मिनिटांच्या या तपासणीला एक लहानशी हातोडी आणि जाणता हात एवढीच सामग्री पुरते.

दुखणे एका जागी आणि दोष दुसऱ्या जागी, हा प्रकारही हातालाच उमगतो. लंगडणारे मूल "गुडघा दुखतो" असे सांगते. गुडघ्याचा फोटो निर्दोष येतो आणि सारे निर्धास्त होतात. परंतु काही मुलांत खरा विकार खुब्याच्या सांध्यात असतो व त्याची वेदना गुडघ्यात जाणवते. डॉक्टरांनी मुलाचा पाय खुब्यातून आतल्या बाजूस फिरवून पाहिला, तर तो अडखळतो आणि मूल कळवळते. फोटो कोठला काढावयाचा, हे अशा वेळी हातच ठरवितो.

हाताचे यश आणि हाताच्या मर्यादा

कोणतीही तपासणी दोन प्रकारे चुकू शकते. दोष असूनही तो तिला न सापडणे, ही एक चूक. दोष नसताना तो आहे असे दाखविणे, ही दुसरी. पहिली चूक टाळण्याच्या गुणाला वैद्यकात संवेदनक्षमता म्हणतात आणि दुसरी टाळण्याच्या गुणाला विशिष्टता. एकाच चाचणीत हे दोन्ही गुण क्वचितच एकत्र नांदतात.

पाय उचलण्याच्या चाचणीचेच पाहा. शस्त्रक्रियेसाठी पाठविलेल्या रुग्णांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये घेण्यात आला. गादी सरकून मज्जातंतू दबलेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ९२ जणांत ही चाचणी दोष दाखविते, असे त्यात आढळले. मात्र तसा विकार नसलेल्या १०० रुग्णांपैकी केवळ २८ जणांनाच ती निर्दोष ठरविते. म्हणजे ती सहसा काही निसटू देत नाही, परंतु संशय मात्र फार जणांवर घेते. याउलट, न दुखणारा पाय उचलला असता दुखऱ्या पायात कळ आली, तर निष्कर्ष बराच पक्का होतो. या दुसऱ्या चाचणीची विशिष्टता ९० टक्के आहे, पण संवेदनक्षमता अवघी २८ टक्के. या दोन चाचण्या आणि त्यांच्या जोडीला स्नायूंचे बळ, त्वचेची संवेदना व हातोडीची परीक्षा, अशा चार-पाच खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या म्हणजे निदानाला बळकटी येते.

गुडघ्याच्या पुढील अस्थिबंधाची चाचणी याहून सरस आहे. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये गुडघा पिळवटला जाऊन हा अस्थिबंध तुटतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील डॉक्टर जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ मध्ये आपले गुरू जॉन लॅकमन यांच्या नावाने एक चाचणी प्रसिद्ध केली. गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरावयाची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढावयाची, एवढीच तिची कृती आहे. २००६ मधील एका आढाव्यानुसार या चाचणीची संवेदनक्षमता ८५ टक्के व विशिष्टता ९४ टक्के आहे. मात्र दुखापत ताजी असताना गुडघा सुजलेला व स्नायू ताठरलेले असतात. अशा वेळी हीच चाचणी अवघड होते आणि काही दिवसांनी ती पुन्हा करावी लागते.

घोट्याच्या दुखापतीत तर हाताने यंत्राचे काम प्रत्यक्ष कमी करून दाखविले आहे. पाय मुरगळला की फोटो काढण्याची रीत जगभर आहे, पण त्यांपैकी बहुसंख्य फोटोंत हाड मोडलेले नसते. कॅनडातील ओटावा येथे इयन स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम तयार केले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचे टोक अथवा मागची कड, तसेच पावलाची दोन ठरावीक हाडे दाबून पाहावयाची. तेथे हाडावर दुखत नसेल आणि रुग्णाला दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत असतील, तर फोटोची गरज नाही. २००३ मध्ये २७ अभ्यासांतील १५,५८१ रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. या नियमांतून मोडलेले हाड क्वचितच निसटते आणि फोटोंची संख्या ३० ते ४० टक्क्यांनी घटू शकते, असे तीत आढळून आले.

हाताची बढाई मात्र मारण्याचे कारण नाही. खांद्याच्या तपासणीसाठी डझनावारी चाचण्या सुचविल्या गेल्या आहेत, पण त्यांतील एकीच्या बळावर निश्चित निदान करता येत नाही. एकाच पाठीची चाचपणी दोन अनुभवी डॉक्टरांनी केली तरी दुखऱ्या मणक्याच्या जागेबद्दल त्यांचे मतभेद होऊ शकतात. हाडाच्या आत वाढणारी गाठ किंवा मणक्यातील सुरुवातीचा जंतुसंसर्ग बोटांना लागेलच असे नाही.

हात आणि यंत्र यांनी एकमेकांस कसे सावरावे, याचा एक नमुना मनगटात सापडतो. अंगठा ताणून धरला असता त्याच्या बुडाशी एक लहान खळगा दिसतो. पूर्वी तपकीर ओढणारे लोक तेथे चिमूट ठेवीत, म्हणून पाश्चात्त्य शरीरशास्त्रात त्याला 'तपकिरीची डबी' असेच नाव आहे. हातावर पडलेल्या माणसाचा हा खळगा दाबल्यावर दुखत असेल, तर तेथील नावेच्या आकाराचे छोटे हाड मोडल्याचा संशय घ्यावा लागतो. पहिल्या फोटोत ही मोड पुष्कळदा दिसत नाही. म्हणून फोटो निर्दोष असला तरी जाणते डॉक्टर मनगट बांधून ठेवतात आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात किंवा एमआरआय करतात. अशा वेळी बोटाची साक्ष फोटोहून आधी खरी ठरते.

अनावश्यक छायाचित्राची किंमत

फोटो काढून ठेवला तर बिघडले कुठे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. इंग्लंडमध्ये कंबरदुखीच्या ४२१ रुग्णांच्या दोन गटांची तुलना करण्यात आली. एका गटाचे क्ष-किरण छायाचित्र घेतले गेले आणि दुसऱ्यावर नेहमीचे उपचार झाले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतरही कंबर दुखत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण फोटो काढलेल्या गटात अधिक होते. तरीसुद्धा, निवड करू दिल्यास फोटोच काढून घेऊ, असे दोन्ही गटांतील सुमारे ८० टक्के लोकांचे म्हणणे होते. फोटोवरचा विश्वास किती खोल रुजला आहे, हे यातून दिसते. २००९ मध्ये अशा सहा प्रयोगांतील १,८०४ रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. गंभीर आजाराची लक्षणे नसलेल्या कंबरदुखीत तातडीने फोटो किंवा एमआरआय काढल्याने वेदना वा हालचाल यांत सुधारणा होत नाही, असे आढळले.

या छायाचित्रांची किंमत केवळ रुपयांत मोजून चालणार नाही. कंबरेच्या क्ष-किरण तपासणीत छातीच्या फोटोच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग शरीराला मिळतो आणि सीटी स्कॅनमध्ये त्याहूनही अधिक. एमआरआय आणि सोनोग्राफी यांत तो धोका नाही, परंतु अहवालातील शब्दांचा धोका आहे. 'डिजनरेशन', 'बल्ज', 'स्पाँडिलोसिस' असे शब्द वाचून धडधाकट माणूस आपला कणा निकामी झाला असे समजतो, हालचाल सोडून अंथरूण धरतो आणि त्यामुळेच त्याचे स्नायू दुबळे होऊन दुखणे लांबते.

याहून मोठी किंमत शस्त्रक्रियेची आहे. गुडघ्यातील झिजून फाटलेल्या कूर्चेचा तुकडा दुर्बिणीने काढण्याची शस्त्रक्रिया जगभर केली जाते. फिनलंडमध्ये अशा १४६ रुग्णांपैकी निम्म्यांवर खरी, तर उरलेल्यांवर केवळ नावापुरती शस्त्रक्रिया करण्यात आली. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. एमआरआयमध्ये दिसणारा दोष खरा होता, पण तो काढल्याने दुखणे अधिक थांबले नाही.

छायाचित्र अत्यावश्यक केव्हा?

यावरून फोटो टाळावाच, असा अर्थ कोणी घेऊ नये. काही प्रसंगी प्रतिमाचित्रणास विलंब करणे घातक ठरते. उंचावरून पडणे, वाहन अपघात किंवा वृद्धापकाळातील साधे पडणेही यांत मोडते. पूर्वी कर्करोग झालेला असणे, कारण नसता वजन घटणे आणि विश्रांतीनेही न थांबणारी रात्रीची वेदना या दुसऱ्या खुणा होत. हाता-पायांतील बळ दिवसेंदिवस कमी होणे हीही तशीच खूण आहे. कंबरदुखीबरोबर लघवी अडणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या आतील व बैठकीचा भाग बधिर होणे आणि दोन्ही पाय लुळे पडू लागणे, ही तर तातडीची अवस्था होय. अशा रुग्णाला त्याच दिवशी एमआरआय व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोचविले पाहिजे. येथे एक रात्र गमावणे म्हणजे जन्माचे अपंगत्व ओढवून घेणे ठरू शकते.

आपल्या देशात मणक्याच्या क्षयरोगाचा विसर पडू देता कामा नये. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या रोगाने येणारे कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचे वर्णन केले होते. संध्याकाळी येणारा बारीक ताप, मंदावलेली भूक, घटते वजन आणि मणक्यावर हलकेच ठोकले असता होणारी वेदना ही त्याची लक्षणे असू शकतात. हाडाचा बराच भाग नष्ट झाल्याखेरीज क्ष-किरण छायाचित्रात हा रोग स्पष्ट दिसत नाही. एमआरआयमध्ये तो पुष्कळ आधी दिसतो. येथे यंत्राचा डोळा हाताहून निःसंशय तीक्ष्ण आहे. मात्र एमआरआय मागविण्याची बुद्धी होते ती तापाबद्दल विचारल्यामुळे आणि मणक्यावर ठोकून पाहिल्यामुळेच. या रोगाची औषधे शासकीय क्षयरोग कार्यक्रमातून विनामूल्य दिली जातात.

हात आणि यंत्र यांचे परस्पर नाते दोन कल्पित उदाहरणांवरून समजून घेता येईल. एक पंचेचाळीस वर्षांची ऊसतोड कामगार स्त्री दोन आठवड्यांच्या कंबरदुखीची तक्रार घेऊन येते. ताप नाही, वजन घटलेले नाही, टाचांवर व चवड्यांवर ती चालू शकते, पाय उचलताना कळ येत नाही. दुसरा तिच्याच वयाचा पुरुष तितक्याच दिवसांच्या कंबरदुखीने आला आहे, पण त्याला रोज संध्याकाळी कणकण येते, पायातली ताकद कमी झाली आहे आणि एक मणका ठोकताच तो दचकतो. दोघांचा केवळ 'फोटो' काढला, तर स्त्रीच्या फोटोत झीज दिसेल आणि पुरुषाचा फोटो कदाचित निर्दोष येईल. जिला धोका नाही ती घाबरेल आणि ज्याला धोका आहे तो निर्धास्त होईल. हाताने तपासणी झाली असेल, तर स्त्रीला कामातील बदल, व्यायाम व थोडा धीर पुरेल आणि पुरुष त्याच आठवड्यात एमआरआयसाठी जाईल.

नागरिकांनी काय करावे?

डॉक्टरांकडे जाताना दुखण्याचा इतिहास आठवून जावे. केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, कोठे पसरते आणि सोबत आणखी काय होते, हे नेमके सांगावे. ताप, वजनातील घट, लघवीची तक्रार आणि पूर्वीचे आजार संकोच न करता सांगावेत. जुने फोटो व अहवाल बरोबर न्यावेत, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. स्त्री गरोदर असल्यास क्ष-किरण तपासणीपूर्वी, तसेच शरीरात धातूचे उपकरण बसविलेले असल्यास एमआरआयपूर्वी, ते आवर्जून सांगावे.

डॉक्टरांनी मोठी तपासणी सुचविली, तर "यातून काय दिसले म्हणजे उपचार बदलतील?" हा प्रश्न विनयाने विचारावा. समर्पक उत्तर मिळाले तर तपासणी अवश्य करावी. अहवाल हाती आल्यावर तो स्वतः वाचून घाबरू नये. ज्या डॉक्टरांनी तपासले, त्यांच्याकडेच तो परत न्यावा आणि "यातले माझ्या दुखण्याशी जुळणारे कोणते?" हे विचारून घ्यावे. साध्या कंबरदुखीचे बहुतांश रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात आणि सरकलेली गादीही अनेकदा कालांतराने आपोआप आक्रसते, हेही ध्यानात ठेवावे. मात्र वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एकही उद्भवली, तर वाट पाहू नये.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. एमआरआयचे यंत्र प्रत्येक गावात पोचणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. रुग्णाचे बोलणे ऐकणारे कान आणि त्याला तपासणारा जाणता हात मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचू शकतात. दुखणाऱ्या माणसाला तपासणाऱ्याची दहा मिनिटे मिळाली पाहिजेत. ती मिळाली, तर कोणाला फोटो हवा आणि कोणाला नको, याचा निवाडा बहुतेक वेळा तेथेच होतो.